दादाची सतरा ठिकाणं आणि पाच लेकरं

प्रश्न : आम्ही तिघं भावंडं. दादा आणि मी परभणीत, धाकटी बहीण डोंबिवलीत. आई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून लग्नकार्य सोडलं तर तिघं एका छताखाली राहिलोच नाही. यंदा भाऊबीज धाकटीकडे करायची आणि लेकरांना मुंबई दाखवायची असं ठरलंय. शुक्रवारी सकाळी पोचायचं, सोमवारी रात्रीच्या गाडीनं परत. तिथीपेक्षा भाऊबीज दोन दिवस उशिरा होईल, पण सुट्ट्यांचं गणित तेवढंच जमतंय. दादाचा मुलगा दहा वर्षांचा, मुलगी पाचची. माझी मुलगी सातची, मुलगा तीनचा. धाकटीचं बाळ आठ महिन्यांचं. मोठी माणसं सहा. धाकटीचं घर वन बीएचके आहे. दादानं ग्रुपवर सतरा ठिकाणांची यादी टाकलीय. धाकटी त्यावर काहीच बोलत नाही. मागच्या उन्हाळ्यात दादाकडचे आणि आम्ही पुण्याला गेलो, तर दुसऱ्याच दिवशी पोरांवरून आणि खर्चावरून वाजलं. परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. या वेळी तसं व्हायला नको. काय करू?
— एक ताई, परभणी

ताई,

सतरापैकी तीन ठिकाणं ठेवा. बाकीची चौदा खोडायची, आणि ती दादाच्याच हातानं खोडली गेली पाहिजेत. ते कसं साधायचं ते पुढे सांगते. आधी तीनच का, ते ऐका.

डोंबिवलीहून सीएसएमटीला जलद लोकलनंही तासाच्या वर लागतो. त्यात घरातून निघणं, अकरा जणांच्या चपला, रिक्षा, स्टेशनचा पूल, तिकीट आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा टॅक्सी किंवा बस. म्हणजे जायला दोन तास आणि यायला दोन तास धरा. तीन वर्षांचं लेकरू घराबाहेर दिवसभरात फार तर सहा-सात तास खुशीत असतं. त्यातले चार गाडीत गेले, तर उरले किती? तेवढ्यात एकच ठिकाण नीट बघून होतं. नकाशावर गेटवे, हाजीअली आणि जुहू ही बोटाच्या दोन पेरांवर दिसतात, पण त्यांच्यामध्ये मुंबईचा रस्ता आहे. दादानं यादी करताना मोठ्या माणसाचा दिवस धरलाय. दिवस धरायचा तो तुमच्या तीन वर्षांच्या मुलाचा.

यादीतलं काही तर आता उरलेलंच नाही. एस्सेलवर्ल्ड बंद झालंय. दादाच्या मनातली जुनी लाल डबल डेकर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता धावतात त्या एसी डबल डेकर, आणि त्या मुलांना आवडतील. म्हणजे दादा त्याच्या आठवणीतली मुंबई मुलांना दाखवायला निघालाय. त्यात त्याचं प्रेमच आहे, हे त्याच्याशी बोलताना विसरू नका.

यादीवर ग्रुपमध्ये बोलू नका. ग्रुपवर लिहिलेला नकार सहा जण वाचतात आणि सहा जण त्याचे सहा अर्थ लावतात. दादाला फोन करा, तोही दुपारी, वहिनी आणि मुलं भोवती नसताना. एवढंच म्हणा, ‘दादा, यादी मस्त आहे, पण माझं बारकं एवढं चालणार नाही. तू, मी आणि धाकटी, प्रत्येक घरानं एकेक ठिकाण निवडायचं का? तुझं पहिलं.’ स्वतःच्या मुलाचं कारण पुढे करा; ते खरंही आहे आणि त्यानं कोणाचा अपमानही होत नाही. मोठ्या भावाला ‘तुझं चुकलं’ असं ऐकवलं की तो अडून बसतो. ‘तू आधी निवड’ म्हटलं की तोच उरलेली बाजूला ठेवतो.

आणि एक बघा. तुमच्या पत्रात दादाला काय हवं ते आहे, तुम्हाला काय नको ते आहे, धाकटी गप्प आहे हेही आहे. वहिनींना काय बघायचंय, ते कुठेच नाही. पुण्याच्या वेळीही त्यांना कोणी विचारलं नसेल, असं मला वाटतं. दादाच्या घराचं ठिकाण वहिनी आणि मुलं ठरवतील, असं तुम्हीच सुचवा. तुमच्या यजमानांना आणि धाकटीच्या यजमानांनाही विचारा. ज्याला विचारलेलं असतं, तो उन्हात रांगेत उभा राहिला तरी कुरकुरत नाही.

आता धाकटी का बोलत नाही, त्याकडे येते. आठ महिन्यांचं बाळ, वन बीएचके, आणि आठ जण येणार. तिला तुम्ही सगळे हवे आहात, पण तिच्या डोळ्यांपुढे पाण्याची वेळ, एकच बाथरूम आणि सकाळचे पंचवीस चहा नाचत असणार. हे ती तुम्हाला सांगणार नाही, कारण माहेरची माणसं येतायत. म्हणून तुम्ही बोला. तिला सांगा की एक कुटुंब झोपायला बाहेर जाईल. दिवाळीत डोंबिवलीतल्या कितीतरी घरांना कुलूप असतं, माणसं गावी गेलेली असतात. तिच्या मजल्यावरचं कोणी तीन रात्रींसाठी किल्ली देईल का, ते तिला विचारायला सांगा. नाही जमलं तर स्टेशनजवळ लॉजची एक खोली घ्या. ‘बहिणीचं घर असताना लॉज?’ असं दादा म्हणेलच. त्याला सांगा, की बाळाला रात्री दोनदा जाग येते आणि आपल्या पोरांच्या गोंधळात ते झोपणार नाही. खोलीचा खर्च तिन्ही घरांत वाटायचा, म्हणजे जो बाहेर झोपतो त्याला हाकलल्यासारखं वाटत नाही.

परभणीहून ज्वारीचं पीठ, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी घेऊन या आणि आल्याआल्या तिच्या डब्यांत भरा. दूध, भाजी आणि गॅस यांचे पैसे सामायिक खर्चातून जाऊ द्या. आणि धाकटीला वाटाड्या करू नका. ती रोज लोकलनं फिरली असेल, पण अकरा जणांना घेऊन फिरणं वेगळं आणि तिचं बाळ अंगावर आहे. तीन दिवसांतला एक दिवस तिनं घरी राहावं आणि तुम्ही सगळ्यांनी बाहेर पडावं. घर रिकामं, बाळ झोपलेलं आणि ती आडवी झालेली, ही तिची भाऊबीज समजा.

शुक्रवारचं सांगते. परभणीहून देवगिरीनं येत असाल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, कल्याणला उतरा. तिथून डोंबिवली दोनच स्टेशनं आहे, पण सामान आणि झोपेतली पोरं घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरायचं नाही. कल्याणहून गाडी किंवा रिक्षा करा. त्या दिवशी कुठेही जायचं नाही. ओवाळणं, जेवण, झोप. मुलांना एकमेकांशी जमवून घ्यायला एक अख्खा दिवस लागतोच. तो दिला नाही की भांडणं रस्त्यावर होतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीतल्या गाड्या तेव्हाच भरतात, म्हणून परतीचं तिकीटही त्याचं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं आणि बर्थशिवाय अर्धं. दहा वर्षांच्या मुलाला बर्थ घ्याच.

शनिवारी राणीची बाग. हे ठिकाण मी तुमच्या गळ्यात मुद्दाम घालतेय, कारण पाचही मुलांना एकाच वेळी आवडेल अशी मुंबईत फार ठिकाणं नाहीत. भायखळ्याला जलद लोकलही थांबते, आणि स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की बाग चालण्याइतक्या अंतरावर आहे. जाताना भायखळा स्टेशनकडेही बघा. ती शंभराहून जास्त वर्षांची दगडी इमारत इतकी नीट जपली आहे की तिला २०२२ मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. बागेत पेंग्विन आहेत, वाघ आहेत, आणि मला सगळ्यात जास्त आवडतात ती झाडं. १८६२ सालची ही बाग आहे. तिथल्या गोरखचिंचेच्या बुंध्याला बाळ सोडून चौघांनी हात धरून वेढा घालून बघावा, पुरतो का. पेंग्विनची रांग दुपारी वाढते. म्हणून बाग उघडते तेव्हाच तिथे असा, आधी पेंग्विन बघा आणि मग झाडांखाली बसून डबा खा. बुधवारी बाग बंद असते आणि सणाच्या सुट्ट्यांत हे वार मागेपुढे होतात, तेव्हा आदल्या दिवशी खात्री करा.

दादाच्या यादीत घारापुरी असणारच. तीन वर्षांचं पोर आणि तान्हं बाळ घेऊन मी तिथे जाणार नाही. गेटवेहून बोटीला तासभर लागतो, पुढे शंभराच्या वर पायऱ्या, वर माकडं, आणि हातात खाऊ दिसला की ती थेट अंगावर येतात. लेणी अप्रतिम आहेत, मुलं मोठी झाली की जरूर जा. पण घारापुरीचा हत्ती तुम्हाला राणीच्या बागेतच भेटेल. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा. १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती उभा केला. बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आहे. तुकडे होऊन पुन्हा उभा राहिलेला हत्ती म्हटल्यावर दहा वर्षांचा मुलगा त्याचे सांधे शोधत बसेल, आणि मोठ्यांना तेवढाच बसायला वेळ मिळेल.

रविवारी समुद्र. फक्त समुद्र. परभणीच्या लेकरांनी गोदावरी बघितली असेल, येलदरीचं धरण बघितलं असेल. पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी त्यांनी बघितलेलं नाही. पहिल्यांदा समुद्र बघणारं लेकरू आधी गप्प होतं, मग मागे सरकतं, आणि आईचा पदर धरून लाट परत गेल्यावरच पुढे येतं. हे सगळं व्हायला वेळ लागतो. ‘चला, बघून झालं, आता हाजीअली’ असं म्हणून ते तोडू नका. वाळूत बसवा. पाच वर्षांच्या मुलीला पाण्यात जायचं नसेल तर ‘भित्री’ म्हणू नका आणि दादालाही म्हणू देऊ नका. ती अर्ध्या तासानं आपली आपण जाईल.

यासाठी गिरगाव चौपाटी बरी. दुपारी साडेतीन-चारला डोंबिवलीहून निघा. रविवारी मध्य रेल्वेवर दिवसा बऱ्याचदा मेगाब्लॉक असतो. गाड्या धावतात पण उशिरा, आणि जलद गाड्या धिम्या मार्गावरून येतात. चारपर्यंत हा ब्लॉक आटोपत आलेला असतो, शिवाय रविवारी संध्याकाळी परतताना ऑफिसची गर्दीही नसते. पाण्यात पावलं भिजवण्यापुरतंच. तिथलं पाणी पोहण्यासारखं नाही. कपड्यांचा एकेक जोड आणि एक जुना टॉवेल जवळ ठेवा. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसताना लहानांचे पाय रस्त्याकडे असू द्या, समुद्राकडे नकोत. खाली सिमेंटचे तिकाटण्यासारखे मोठे ठोकळे आहेत, त्यांवर उतरणाऱ्या मोठ्यांनाही हटका. परतताना सीएसएमटी रात्रीच्या दिव्यांत बघा. १८७८ ला काम सुरू होऊन दहा वर्षं बांधलेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. समोर महापालिकेची इमारतही तेवढीच देखणी. दोन्ही बघायला रस्त्याच्या कडेला उभं राहिलेली दहा मिनिटं पुरतात आणि तिकीट लागत नाही. दादाच्या यादीतली दोन ठिकाणं अशी वाटेवरच होतात, हे त्याला सांगा.

सोमवारी वेगळे व्हा. वेगळं होणं म्हणजे भांडण नव्हे. दादा, दहा वर्षांचा मुलगा आणि तुमची सात वर्षांची मुलगी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जाऊ देत. तिथं हात लावू नका अशी पाटी नसते. मुलांनी कळा दाबायच्या, चाकं फिरवायची. सीएसएमटीपासून भुयारी मेट्रोनं जावं. आरे ते कफ परेड ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे आणि सायन्स सेंटर असं स्टेशनच आहे. याच मार्गावर सिद्धिविनायकही आहे, म्हणजे वहिनींना दर्शन हवं असेल तर त्या याच गटात जाऊन थोडं पुढे उतरतील. लहान मुलं तुमच्याबरोबर डोंबिवलीत राहू देत. फडके रोडवर गणपतीला जा, बागेत जा, दुपारी झोपवा. रात्रीच्या गाडीला झोप झालेली मुलं हवीत. एकच पाळा : जे गेले त्यांनी संध्याकाळी ‘तुम्ही काय मिस केलं’ असं सांगायचं नाही, आणि जे राहिले त्यांनी ‘तुमचं बरंय’ म्हणायचं नाही.

लोकलचं थोडं सविस्तर सांगते, कारण मला तुमची खरी काळजी तिथे आहे. मधल्या स्टेशनावर गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. म्हणून शक्य तिथे पहिल्या स्टेशनावर चढायचं आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या लोकल असतात, त्यांच्या वेळा धाकटीला विचारून ठेवा. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीत शिरायचं नाही. परतताना सीएसएमटीला चढा. भायखळ्याहून परत येताना तर आधी टॅक्सीनं सीएसएमटीला या आणि तिथून बसून निघा. उलट्या दिशेला गेल्यासारखं वाटेल, पण पाच मुलांना जागा मिळेल. एसी लोकल मिळाली तर तीच घ्या. भाडं बरंच जास्त आहे, पण तिचे दरवाजे बंद होतात, आणि लहान मुलांबरोबर या एका गोष्टीसाठी मी ते पैसे आनंदानं देईन. सोमवारी, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या आधी मुंबईकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ डोंबिवलीकडे मुलांना घेऊन जायचं नाही. दादाच्या गटानं तीनच्या सुमाराला परत फिरावं.

बायका आणि मुलं महिलांच्या डब्यात, पुरुष शेजारच्या डब्यात. बारा वर्षांखालच्या मुलग्यांना महिलांच्या डब्यात चालतं, त्यामुळे दादाचा मुलगाही तुमच्याबरोबर येऊ शकतो. एक मोठं माणूस आधी चढेल, मग मुलं, आणि शेवटी आणखी एक मोठं माणूस. हे कोण कोण, ते फलाटावर उभं असतानाच ठरलेलं हवं. प्रत्येक मुलाचा एक ठरलेला मोठा माणूस असू दे. ‘सगळे सगळ्यांकडे बघतायत’ असं झालं की कोणीच कोणाकडे बघत नसतं. मुलांना घरीच पक्कं शिकवा : चुकलात तर जिथे आहात तिथेच उभं राहायचं, आई तिथे परत येईल. जो गाडीत राहिला तो पुढच्या स्टेशनावर उतरून त्याच फलाटावर थांबेल. मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिहा, आणि खिशात नाव-नंबराची चिठ्ठी घाला. रेल्वेची मदत १३९ वर मिळते, मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हे दोन्ही नंबर सहाही फोनांत आत्ताच भरून ठेवा.

दहा वर्षांच्या मुलाबद्दल एक विनंती. ‘तू मोठा आहेस ना’ म्हणून त्याला चारही लहानांचा राखणदार करू नका. तोही सुट्टीवर आलाय. त्याला त्याच्या वयाचं काम द्या. फलाटावरचा इंडिकेटर वाचणं हे त्याचं काम : गाडी कुठली, जलद की धिमी, बारा डब्यांची की पंधरा, किती मिनिटांत येतेय. हे वाचता आलं की त्याला वाटेल आपण मुंबई जिंकली. ठाण्याच्या पुढे गेलात की त्याला सांगा, देशातली पहिली प्रवासी गाडी याच मार्गावर धावली, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत.

बाळगाडी आणूच नका, पूल चढताना ती डोक्यावर घ्यावी लागते. सुती ओढणीची झोळी चांगली. सायनच्या आणि वांद्र्याच्या दक्षिणेला, म्हणजे मुंबई शहरात, रिक्षा चालत नाहीत. टॅक्सीत चार जण बसतात, म्हणजे तुम्हाला तीन टॅक्सी लागणार आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी पोचणार. उतरायची जागा आधी नीट ठरवा, ‘चौपाटीला भेटू’ एवढं पुरत नाही. नाहीतर सरळ बेस्टची बस धरा, त्यात सगळे एकत्र राहता. स्वच्छ स्वच्छतागृह दिसलं की लागलेली असो-नसो, सगळ्या मुलांना नेऊन आणा. दुपारचं जेवण घरचंच न्या. तुमचे धपाटे आणि दशम्या दोन दिवस टिकतात, पोरं ते बिनतक्रार खातात, आणि हॉटेलात अकरा जणांच्या ऑर्डरची वाट बघत कोणाचं डोकं फिरत नाही. वडापाव आणि चौपाटीवरची भेळ संध्याकाळची गंमत म्हणून.

आता पुण्यात कशावरून वाजलं, ते. पोरांवरून म्हणालात. माझा अंदाज आहे, कोणीतरी दुसऱ्याच्या पोराला बोललं. निघण्याआधी तिघं भावंडं एवढं ठरवून टाका. जिवाचा प्रश्न असेल, म्हणजे रस्ता, फलाट, पाणी, तर कोणीही कोणाच्याही पोराला ओरडावं, हात धरून ओढावं, आणि त्याचा राग धरायचा नाही. खाणं, हट्ट, मोबाइल, झोप यांत मात्र ज्याचं पोर त्यानंच बोलायचं. आत्यानं आणि मामानं तिथे गप्प बसायचं, कितीही जीभ शिवशिवली तरी. दादाच्या मुलीनं जेवण टाकलं तर ‘आमच्या घरी असं चालत नाही’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ते मुलीला लागत नाही, वहिनींना लागतं.

आणि खर्च. मोठा भाऊ सगळीकडे पैसे भरत जातो, दोन्ही जावई अवघडतात, आणि रात्री वहिनी हिशेब विचारतात. यात वाईट कोणीच नसतं. शुक्रवारी भाऊबीज झाली की प्रत्येक घरानं सारखी रक्कम काढून एका पाकिटात ठेवा. तीन-चार हजारांनी सुरुवात करा, संपलं की पुन्हा सारखं भरा. गाडीभाडं, तिकिटं, खाणं, खोली, धाकटीचं दूध-भाजी, सगळं त्यातून. पाकीट वहिनींकडे द्या. वही त्यांनीच लिहिली की रात्रीचा प्रश्नच उरत नाही. धाकटीची ऐपत कमी-जास्त असेल तर ते तुम्ही आणि दादानं आधीच आपसांत बोलून घ्या, तिच्या नवऱ्यासमोर नको. ओवाळणीचे पैसे याच्यात मिसळायचे नाहीत.

मुलांचं वेगळं. चौपाटीवर फुगे, दिवे, पिपाण्या विकणारे पावलोपावली भेटतील. बाळ सोडून चौघांनाही शनिवारी सकाळी प्रत्येकी दोनशे रुपये द्या, सारखे, आणि सांगा की हे तिन्ही दिवसांचे. कोणी पहिल्याच फुग्यावर उडवले तर उडवू द्या. पण नंतर मामानं गुपचूप आणखी द्यायचे नाहीत. मामांना हे जड जातं, म्हणून दादाला आधीच बजावून ठेवा.

एक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे आणि सगळ्या यादीत ती हरवेल अशी भीती वाटते. आई गेल्यापासून तुम्ही तिघं एकत्र राहिला नाहीत. शनिवारी रात्री मुलं झोपली की तिन्ही जोडीदारांना घर सांभाळायला सांगा आणि तुम्ही तिघंच खाली उतरा. धाकटी म्हणेल बाळ उठेल. उठलं तर बाप आहे. कोपऱ्यावर चहा घ्या, नाहीतर नुसतं सोसायटीच्या कट्ट्यावर बसा. तिथे यादी काढायची नाही, घराच्या वाटणीचं काढायचं नाही, कोणाच्या तब्येतीवरून उपदेश नाही. आईबद्दल बोलावंसं वाटलं तर बोला. धाकटी तेव्हा मुंबईत होती, शेवटच्या दिवसांत तुम्ही दोघं आईजवळ होतात, असं असेल, तर तिला विचारायचं बरंच राहून गेलेलं असणार. ती रडली तर दादाला विषय बदलू देऊ नका.

दादाला फोन याच आठवड्यात करा. यादी ग्रुपवर जितके दिवस राहील, तितकी ती पक्की होत जाईल. आणि त्याच्या आधी पाच मिनिटं धाकटीला फोन करून एवढंच सांगा, की झोपायची सोय बाहेर बघतोय आणि पीठ आम्ही आणतोय.